शरदातला मासा आणि ट्यूबवरचा माणूस

दिवाळीच्या सुमारास अनेक घरांतून एकच प्रश्न कानी येतो. परदेशी स्थायिक झालेली मुले फोनवर आईवडिलांना बजावतात, की आठवड्यातून दोनदा तरी सालमन मासा खा, हृदयाला तो हितकारक असतो. आईवडील वाशीम, रिसोड किंवा कारंज्याला राहतात. सालमन त्यांनी पाहिलेला नसतो, आणि मोठ्या शहरातून गोठवलेला तुकडा मागवावा तर त्याच्या किमतीत घरातल्या सर्वांचे चार दिवसांचे कालवण होते. मग आम्ही काय खावे, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. मुंबईच्या बाजारात ज्याला ‘इंडियन सालमन’ म्हणून भाव येतो तो आपला रावस होय. चवीला तो उत्तम असला तरी सालमनच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही.

प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या माशाची थोडी ओळख करून घेतलेली बरी. सालमनच्या अनेक जातींपैकी ‘कोहो’ ही उत्तर प्रशांत महासागरातली एक जात. गोड्या पाण्यात जन्मावे, वर्ष-दीड वर्ष तेथे वाढून समुद्रात उतरावे, तेथे साधारण तितकाच काळ भरपूर खाऊन अंगी चरबी साठवावी आणि तिसऱ्या वर्षीच्या शरदात, पहिल्या मोठ्या पावसाबरोबर, आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परतावे, असा त्याचा जीवनक्रम. तेथे अंडी घातली की त्याचे आयुष्य संपते. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात किनाऱ्यालगत सिल्टकूस, टाकेनिच अशी काही तळी आहेत. लहानशा नदीने ती समुद्राला जोडलेली असल्यामुळे परतणारा कोहो आधी या तळ्यांत येऊन विसावतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या धुक्यात हौशी मासेमार एकेकट्याच्या अरुंद होडीत, म्हणजे कयाकमध्ये बसून, पाण्यात चकाकणारे आमिष ओढत त्याचा माग काढतात. मूळची ही होडी आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आता ती प्लास्टिकची मिळते आणि मोटारीच्या टपावर बांधून नेता येते.

समुद्र सोडल्यावर कोहो जवळजवळ अन्न घेत नाही आणि साठवलेल्या चरबीवरच पुढचा प्रवास करतो. त्यामुळे नुकताच तळ्यात आलेला, चांदीसारखा झळाळणारा मासा आणि काही आठवडे गोड्या पाण्यात काढून लालसर झालेला, जबडा वाकलेला मासा यांच्या मांसात पुष्कळ फरक असतो. दुसऱ्याचे मांस फिके व मऊ पडते. जातिवंत सालमनचे पोषणमूल्यसुद्धा तो कोणत्या दिवशी, कोणत्या पाण्यात पकडला यावर अवलंबून असते. पाकिटावरचे नाव वाचून मासा विकत घेणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही. आपल्या गावच्या तलावातला मासा विकत घेणाऱ्याला तो आहे.

वाशीम जिल्ह्याला समुद्र दूरचा. हा प्रदेश म्हणजे पाण्याची वाटणी करणारे पठार आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेकडे पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते, तर अडाण आणि अरुणावतीचे पाणी पैनगंगेच्या खोऱ्यातून गोदावरीकडे वळते. नद्यांचा येथे केवळ आरंभ होतो, त्यामुळे बारमाही खोल पाणी निसर्गतः थोडेच. जे आहे ते माणसाने अडवलेले: वाशीम शहराची तहान भागवणारा एकबुर्जी प्रकल्प, कारंजा भागातला अडाण, मालेगाव-मंगरुळपीर पट्ट्यातला सोनल आणि शिवारोशिवारी पसरलेले लघुप्रकल्प व पाझर तलाव. आपले मासे या पाण्यात राहतात.

कोहो आपल्या पावलांनी घरी येतो, असे म्हणता येईल. आपले रोहू, कटला आणि मृगळ मात्र तलावात बहुधा आणून सोडलेले असतात. या माशांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते, चढते पाणी लागते आणि बांधलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले आणि देशभरच्या तलावांना मत्स्यबीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पावसाळ्यात मच्छीमार सहकारी संस्था बोटाएवढी पिल्ले, ज्यांना खात्याच्या भाषेत बोटुकली म्हणतात, तलावात सोडतात आणि पुढे तीच वाढून आपल्या ताटात येतात. मरळ, शिंगी, देशी मांगूर, वाम ही मंडळी मात्र कोणी न सोडता आपापल्या बळावर चिखलात नि कडेच्या गवतात नांदत असतात.

पाऊस सरला, गढूळपणा खाली बसला आणि पाणी काठोकाठ स्थिर झाले, की आश्विन-कार्तिकात मासेमारीला रंग चढतो. पावसाळाभर खाऊन मासा भरलेला असतो. आयुर्वेदाने या ऋतूतल्या पाण्याला ‘हंसोदक’ असे सुंदर नाव दिले आहे: दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निववलेले, निर्मळ पाणी. त्याच आयुर्वेदात, चरकसंहितेच्या ऋतुचर्येत, शरदात जलचर प्राण्यांचे मांस टाळावे असेही सांगितले आहे, कारण हा पित्तप्रकोपाचा काळ. ज्यांना ऑक्टोबरच्या उन्हात आम्लपित्ताचा त्रास होतो त्यांनी या सल्ल्याचा अर्थ आपल्या पुरता असा घ्यावा, की तिखट, तेलाच्या तवंगाचा, रात्री उशिराचा रस्सा या महिन्यात नको. सौम्य मसाल्याचे, दुपारच्या जेवणातले कालवण निरोगी माणसाला बाधेल असे मानण्याचे कारण दिसत नाही. माशावर दूध प्यायल्याने अंगावर कोड उठते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीशी निगडित विकार असून या जोडीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही.

आता तुलना. शंभर ग्रॅम रोहूत साधारण 17 ग्रॅम प्रथिने असतात, कोहोत थोडी अधिक. येथे आपण फारसे मागे नाही. ब-12 जीवनसत्त्व दोहोंत आहे. फरक पडतो तो ओमेगा-3 या स्निग्धाम्लांच्या बाबतीत. शंभर ग्रॅम कोहोत ती एक ग्रॅमच्या आसपास भरतात, आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांत त्याहून बरीच कमी. ही गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी. वऱ्हाडी घरात जवसाची चटणी असते आणि जवसातही ओमेगा-3 भरपूर असते, पण ते वेगळ्या रूपातले. माशातल्या रूपात त्याचे परिवर्तन आपले शरीर अल्प प्रमाणातच करू शकते. तरीही तळलेले फरसाण आणि शेव यांच्या जागी आठवड्यातून दोनदा रस्सा-भाकरी आणि रोज चमचाभर जवसाची चटणी आली, तर हृदयाचा लाभच आहे. लहान मासे काट्यांसकट चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळते, आणि सालमनच्या स्वच्छ कापलेल्या तुकड्यात नेमके तेच नसते. शाकाहारी कुटुंबांना या साऱ्यासाठी मासा खाण्याची सक्ती कोणी करीत नाही. त्यांनी ब-12 ची तपासणी मात्र अधूनमधून करून घ्यावी.

खरेदी करताना डोळा फुगीर व स्वच्छ आहे, कल्ला उचलून पाहिल्यास आतून लाल आहे, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते, एवढे पाहिले तरी पुरे. मांगूर घेताना मात्र सावध असावे. थाई मांगूर या नावाने विकला जाणारा मोठा, काळपट मासा आफ्रिकी जातीचा असून त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे. देशी मांगूर आकाराने लहान असतो आणि त्याची किंमतही अधिक असते.

इथपर्यंत माशाविषयी झाले. वास्तविक हा लेख लिहावासा वाटला तो माशासाठी नव्हे, मासा आणणाऱ्या माणसासाठी.

आपल्या प्रकल्पांवर पहाटे जाऊन पाहावे. भोई समाजातली आणि इतरही माणसे ट्रकच्या टायरातली हवा भरलेली ट्यूब पाण्यात लोटतात, तिच्यावर बसायला फळी किंवा जाळीचे आसन बांधतात आणि हातातल्या दोन लहान फळ्यांनी पाणी मागे सारीत रात्री लावून ठेवलेल्या जाळ्याकडे जातात. काही जण थर्माकोलचे जाड तुकडे बांबूला बांधून त्यांचा तराफा करतात. पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. मांडीवर जाळ्याचा ओला ढीग. धुके असेल तर काठावरून माणूस दिसत नाही, फक्त पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येतो. तत्त्वतः ही कयाकच आहे: एक माणूस, एक तरंगणारी वस्तू, शरदाची सकाळ आणि मासा. ओरेगॉनचा मासेमार मात्र तेथे सुट्टी घालवायला आलेला असतो, आणि आपला माणूस मुलांच्या शाळेचे पैसे काढायला.

आणखी एक भेद आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. तिकडे कयाकवर प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट असलेच पाहिजे असा कायदा आहे आणि 13 वर्षांखालील मुलांनी ते अंगात घातलेलेच असावे लागते. प्रौढाने ते घालणे त्याच्या मर्जीवर सोडले आहे, आणि त्याचे फळ तेथील तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिसते. होडीच्या अपघातांत बुडून मरण पावलेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नव्हते. कित्येकदा ते होडीतच, हाताच्या अंतरावर पडलेले होते. आपल्याकडे ते होडीतही नसते आणि घरीही नसते. भारतात दरवर्षी 30 हजारांहून अधिक माणसे पाण्यात बुडून मृत्यू पावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. डेंग्यू किंवा हिवतापाने इतकी माणसे दगावली असती, तर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचना रंगवलेली दिसली असती.

‘आम्हाला पोहता येते’ हे उत्तर या विषयावर नेहमी मिळते. पोहता येतेच, आणि बहुतेकांना माझ्या-तुमच्याहून सरस येते. तथापि तलावात बुडणारा पट्टीचा पोहणारा पोहणे विसरल्यामुळे बुडत नाही. जाळे पायात गुरफटते. धरणाच्या पोटात बुडालेल्या जुन्या विहिरी, बाभळीचे खुंट, कुंपणाच्या तारा असतात. ट्यूब काट्याला लागून फुटते आणि तिच्यातली हवा मिनिटाभरात जाते. जलपर्णीत हातपाय मारायला जागा राहत नाही. थंडीत पहाटे तास-दीड तास ओल्या कपड्यांत बसलेल्या माणसाच्या बोटांतली ताकद गेलेली असते, गाठ सुटत नाही. आणि काही वेळा छातीत कळ येते, मिरगीचा झटका येतो किंवा मधुमेहाच्या गोळीनंतर काही न खाता निघालेल्याची साखर एकाएकी उतरते. अशा वेळी पोहण्याचे कौशल्य कोठून कामी येणार? जॅकेट बेशुद्ध माणसालाही तरंगते ठेवते.

मनुष्यदेह मुळात जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचा असल्याने डोके वर ठेवायला फार मोठ्या आधाराची गरज नसते. चार-पाच किलो वजन तोलणारा आधार प्रौढाला बहुधा पुरतो. साधे लाइफ जॅकेट एवढा किंवा याहून अधिक आधार देते आणि त्याची किंमत काही किलो मरळीपेक्षा जास्त नसते. विकत घेताना मापाचे घ्यावे, पट्टे आवळून बांधावे, आणि काठावरच्या उथळ पाण्यात एकदा तरंगून पाहावे. सैल जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाते. जॅकेटने हात अडकतात आणि जाळे ओढता येत नाही, ही मासेमारांची तक्रार खोटी नाही. खांद्याशी मोठी मोकळीक असलेली जॅकेटे मिळतात, ती घ्यावीत. तेही जमेपर्यंत, घट्ट झाकणाची रिकामी पाच लिटरची प्लास्टिकची कॅन दोरीने कमरेला, सहज सुटेल अशा गाठीने बांधली, तरी जवळपास पाच किलोचा आधार मिळतो. जॅकेटची बरोबरी ती करू शकत नाही, कारण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहीलच याची खात्री नाही. पण काहीच नसण्यापेक्षा ती पुष्कळ आहे. जाळे कापता येईल असा लहान चाकू गळ्यात किंवा कमरेला, शिट्टी दोरीला आणि मोबाइल दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत असावा. गमबूट आणि जाड घोंगडी घेऊन ट्यूबवर बसू नये.

दारूविषयी वेगळे सांगायला हवे. थंडी पळवण्यासाठी पहाटे घोटभर घेण्याची सवय काहींना असते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब वाटते, पण प्रत्यक्षात शरीराची उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. तोल आणि अंदाज बिघडतो तो निराळाच. मिरगीचे रुग्ण एकटे पाण्यावर जाऊ नयेत, औषध नियमित चालू असले तरीही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी हंगामाच्या आरंभी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. घरच्यांनी एवढे करावे, की निघताना कोणत्या बाजूला जाळे आहे आणि किती वाजता परतायचे हे विचारून ठेवावे. सांगितलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहून शेजाऱ्याला उठवण्यात संकोच करू नये.

बुडणारा माणूस हात वर करून ‘वाचवा’ म्हणून ओरडतो, हे चित्र सिनेमातले. खऱ्या बुडणाऱ्याला श्वास घ्यायलाच सवड नसते, तो ओरडणार कसा? तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होते, हात पाण्याला आडवे दाबत राहतात, आणि मिनिटभरात सारे शांत होते. काठावरच्याने पहिले काम करायचे ते दोरी, साडी, बांबू, रिकामी कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकण्याचे. स्वतः उडी मारणे हा अखेरचा उपाय. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो, आणि एका घरातून दोन तिरड्या निघाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, खाऱ्या मिठात पुरून ठेवणे, हे तिन्ही प्रकार आपल्याकडे आजही होतात. मिठाचा निरोप तर मोबाइलवरून दरवर्षी नव्याने फिरतो. त्यांपैकी एकानेही प्राण परत येत नाहीत. पोट दाबल्याने मात्र जठरातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. प्राणवायूविना मेंदूला चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते, आणि तलावापर्यंत रुग्णवाहिका यायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागणार. म्हणून एकाने 108 क्रमांक लावावा आणि दुसऱ्याने ताबडतोब माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. श्वास चालत नसेल तर हनुवटी उचलून डोके मागे करावे, नाक चिमटीत धरून तोंडाने छाती वर उचलली जाईल असे दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस वेळा दाब द्यावा, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये. तोंडातून फेस येत असेल तर तो पुसत वेळ दवडू नये. ओकारी झाली तर मात्र कुशीवर वळवून तोंड स्वच्छ करावे. शुद्धीवर आलेला माणूस ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो.

हे वाचून येत नाही, करून येते. मच्छीमार संस्थेच्या सभेत गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला तासभर बोलावून, उशीवर का होईना, प्रत्येकाकडून ते करवून घ्यावे. सभेला बायका-मुलांनाही बसवावे. तलावाच्या काठावर मासा विकायला त्याच असतात, आणि आरडाओरडा झाला तर पहिल्या धावणाऱ्याही त्याच.

राहिला विम्याचा प्रश्न. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मासेमारांसाठी सामूहिक अपघात विम्याची तरतूद आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख आणि अपघातानंतर रुग्णालयात राहावे लागल्यास 25 हजार रुपयांपर्यंत खर्च. हप्ता केंद्र आणि राज्य शासन भरते, मासेमाराच्या खिशातून काही जात नाही. समुद्रावरच्या कोळ्यांप्रमाणे तलावावरचा भोईही यात येतो. परंतु विमा ज्याचे नाव नोंदले आहे त्याचाच असतो. वर्षानुवर्षे ट्यूबवर जाणारी कितीतरी माणसे संस्थेच्या यादीत नसतात, कारण सभासदत्व वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे आणि पाण्यात उतरतो धाकटा. मासा घेताना ओळखीच्या भोयाला एवढे विचारता येईल, की तुझे स्वतःचे नाव यादीत आहे का. नसेल तर आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची प्रत घेऊन संस्थेच्या सचिवाकडे किंवा वाशीमच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते अर्जावर स्वतः वाचून किंवा मुलीकडून वाचून घेऊनच अंगठा उमटवावा.